चेहऱ्याचे तेज



चेहरा निस्तेज दिसू लागला की आपण आरशापुढे उभे राहतो आणि डाळीचे पीठ, साय, हळद यांकडे वळतो. या उपचारांना आमचा विरोध नाही. त्वचेचा वरचा थर सुमारे महिन्याभरात नवा होतो. मृत पेशी साचल्या की कांती मळकट दिसते. हलक्या हाताने धुवावे, अंग ओलसर असतानाच थोडे तेल लावावे, दुपारचे ऊन टाळावे. एवढ्याने पुष्कळ काम होते. मात्र गोरेपणाची निनावी मलमे लावू नयेत. तशा काही मलमांत पारा सापडला आहे, आणि तो मूत्रपिंडास अपाय करतो.

परंतु इतके करूनही चेहरा फिकटच राहिला, जिना चढताना धाप लागू लागली, तर उणीव रक्तात असण्याचा संभव आहे. खालची पापणी ओढून पाहावी. आतली कड पांढुरकी दिसली तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

आपल्या घरांत सर्वांच्या मागून, उरलेसुरले कोण जेवते, हे सांगावयास नको. तिच्या ताटात मोडाची मटकी, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड पडली पाहिजे. जेवणावर लगेच चहा नको. तो अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.

उटणे उद्या आणू. आज रात्री तिला आपल्या पंगतीला बसवू.