थंडीत लेकरांची खोली

निफाड-नाशिककडे पारा उतरला की तान्हं मूल असलेल्या घरात हीटरची चौकशी सुरू होते. 1000 वॉटचा हीटर तासाला एक युनिट वीज घेतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. म्हणून आधी खिडक्यांच्या फटी बुजवा, फरशीवर सतरंजी अंथरा. लाल तारेचा हीटर स्वस्त खरा, पण रांगत्या मुलाचा हात भाजू शकतो. थर्मोस्टॅट असलेला तेलाचा हीटर महाग पडला, तरी मला तोच योग्य वाटतो. त्याची तार उघडी नसते, खोली तापली की तो आपोआप बंद होतो. पत्रा मात्र तापतो, मुलाला लांबच ठेवा.

आणि बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी? अजिबात नको! तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जातो. ती शेगडी आजच बाहेर काढा.