पिशवीवरचे नाव कोण निवडतो?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपण माल विकायला जातो तेव्हा काय होते, यावर आजवर पुष्कळ बोलणे झाले. आज आपण विकत घ्यायला जातो तेव्हा काय होते, ते पाहू. कपाशीवाल्याचे वर्ष विक्रीने नाही, खरेदीने सुरू होते. मृगाच्या आधी आपण कृषी केंद्राच्या पायरीवर उभे राहतो आणि एका वाणाचे नाव घेतो. ते नाव आपल्या तोंडात घातले कोणी?

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात एका वाणासाठी भर उन्हात रांगा लागल्या. बीजी-२ कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. त्या खरिपात ती पिशवीला ८६४ रुपये होती, २०२५ च्या खरिपात ९०१. कंपनी कोणतीही असो, मर्यादा एकच आणि बोंडअळीसाठी घातलेले जनुकही तेच. वाणावाणांत फरक असतो, हे खरे. कोणाचे बोंड मोठे, कोणाचे लवकर फुटते. पण तो फरक आपल्या रानात किती क्विंटलचा, हे आपल्यापैकी किती जणांनी मोजले? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात धुमाकूळ घातला, तेव्हा तिने पिशवीवरचे नाव वाचले नव्हते.

ज्वारीच्या बाबतीत आपण असे नव्हतो. मालदांडीचे बी ठेवायचे तर उभ्या पिकातून भरदार कणसे निवडायची, वाळवायची, राखेत जपायची. दाणा ओळखणारा डोळा घरात होता, तो बहुतेक घरच्या बाईचा होता. संकरित कपाशी आली आणि बी दरवर्षी विकत घेणे भाग पडले. पिशवी बंद, आतले दिसत नाही. डोळ्याचे काम संपले, कानाचे सुरू झाले.

कानाचे ऐकणे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी संकरित मक्याबद्दल २५९ शेतकऱ्यांना विचारले. त्यांचा अहवाल १९४३ साली छापून आला. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण घ्यायचे ठरवले ते शेजाऱ्याचे पीक पाहून. आधी थोड्या रानात पेरले, पाहिले, मग वाढवले. १९४१ पर्यंत दोघे सोडून सगळे त्या बियाण्यावर आले होते. म्हणजे विक्रेता सांगे, शेजारी दाखवी, आणि शेवटचा निकाल स्वतःचे शेत देई.

आता दुसरी गोष्ट ऐका. वरंगल जिल्हा आपल्यासारखाच कापसाचा. तिथे ग्लेन स्टोन या मानववंशशास्त्रज्ञाने काही वर्षे बियाण्याची खरेदी पाहिली आणि २००७ साली निष्कर्ष मांडले. एखादे वाण गावात एकदम डोक्यावर घेतले जाई आणि थोड्याच वर्षांत विसरले जाई. कारण विचारले तर धड सांगता येत नसे. बाजारात नावे इतकी आणि ती बदलत इतकी झपाट्याने, की अनुभव जमायला वेळच नव्हता. मग जो तो शेजाऱ्याकडे पाही, आणि शेजारी याच्याकडे. आयोवाचा शेजारी पीक दाखवत होता. वरंगलचा शेजारी रिकामी पिशवी दाखवत होता.

या जागी दुकानदारी घुसते. बोंडांनी लगडलेल्या झाडाचे चित्र पिशवीवर असते. त्या झाडाला पाणी किती, खत किती, हे चित्रात नसते. ‘माल संपत आला, उद्या मिळणार नाही’ म्हटले की हात आपोआप खिशात जातो. हव्या वाणाबरोबर नको असलेले खत गळ्यात मारले जाते. आणि ज्याची उधारी तिथे आहे, त्याला पसंती नसतेच. दुकानदार देईल तेच त्याचे वाण.

मोबाईलवरही हेच. ‘फक्त दोन शिल्लक’, उलटे धावणारे घड्याळ, कोणी दिले कळत नाही असे पाच तारे. शहरातल्या शिकलेल्या माणसालाही हे फसवते, तेव्हा अडाणीपणाचा शिक्का एकट्या शेतकऱ्यावर नको. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई दाखवणे त्यात आहे, न मागितलेली वस्तू यादीत सरकवणेही आहे.

बियाणे घेणारा शेतकरी कायद्याने ग्राहक आहे. राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. भेसळ निघाली, उगवण झाली नाही, तर ग्राहक आयोगाचे दार आपल्याला उघडे आहे. पण दारात रिकाम्या हाताने जाऊन भागत नाही.

म्हणून चार कामे करू. पक्के बिल घेऊ. त्यावर वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहून घेऊ. पिशवी, टॅग आणि चिमूटभर बी शेवटच्या वेचणीपर्यंत जपू. पेरणीआधी पन्नास दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजू आणि पिशवीवर छापलेल्या टक्केवारीशी ताडू. आणि सगळ्यांत मोठे काम: एकाच रानात, एकाच दिवशी, एकाच खतावर दोन वाणांची चार-चार तासे लावू, वेचणी वेगळी करू, वजन वेगळे लिहू. एका शेतकऱ्याचे एका वर्षाचे वजन पावसापाण्याने चुकू शकते. गावातल्या दहा जणांचे वजन एका वहीत आले, तर ती वही कोणत्याही जाहिरातीला भारी पडेल.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने ती वही घेऊन यावे. नावे पिशवीवरची नकोत, आकडे काट्यावरचे हवेत. कान बंद करा असे आम्ही सांगत नाही. गेलेला डोळा परत आणू, एवढेच म्हणणे आहे.