दार बंद असल्याचा दाखला

पाऊलठशांवरून वाघ मोजण्याचा काळ मागे पडला. आता जंगलवाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरे लावतात, दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपतात आणि कोणता वाघ पुन्हा आला ते त्या पट्ट्यांवरून ओळखतात. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंथ यांचे कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलातले या पद्धतीचे काम १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढचे गणित मात्र जुने आहे. समजा, पहिल्या खेपेला २० जनावरे ओळखली. दुसऱ्या खेपेला १५ दिसली, त्यांतली १० ओळखीची निघाली. वीस गुणिले पंधरा, भागिले दहा, म्हणजे जंगलात ३० जनावरे. आता याच तिसांतली निम्मी मधल्या काळात निघून गेली आणि तितकीच नवी आली असे धरा. दुसऱ्या खेपेच्या पंधरांत ओळखीची साधारण पाचच भेटतील आणि उत्तर येईल ६०. एका वेळी तिसांहून अधिक जनावरे त्या जंगलात कधी नव्हतीच! म्हणून गणना चालू असताना जन्म, मृत्यू, ये-जा काही घडत नाही, जंगलाचे दार बंद आहे, असे गृहीत धरावे लागते. ते खरोखर बंद होते का, हे तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचण्या आहेत. त्यांचा कौल आपण दाखल्यासारखा वापरतो, आणि तो दाखला नाही, एवढेच मला आज सांगायचे आहे.

ओटिस, बर्नहॅम, व्हाइट आणि अँडरसन या चौघांनी १९७८ साली मांडलेली चाचणी घ्या. तिची कल्पना सुरेख आहे. एखादे जनावर पूर्ण मुदतभर तिथेच असेल, तर त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत पुरेसे अंतर पडायला हवे. साठ दिवस कॅमेरे चालले आणि एक वाघ दोनदा टिपला गेला, तर हे अंतर सरासरीने वीस दिवसांच्या आसपास येते. तोच वाघ तीसच दिवस तिथे असेल, तर दहाच्या आसपास. सगळ्या वाघांची अंतरे अपेक्षेहून लक्षणीय तोकडी निघाली, की दार उघडे असल्याचा संशय घ्यायचा. एखादा वाघ कॅमेऱ्यासमोर वारंवार येतो, एखादा क्वचित, या फरकाने चाचणी बिघडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ही अंतरे निघतात कोणाची? निदान दोनदा दिसलेल्यांची. जो तरुण नर स्वतःचा मुलूख शोधत निघाला आहे, वाटेत एका रात्री एका कॅमेऱ्यासमोरून गेला आणि पुढे सटकला, त्याची नोंद एकच. त्याला अंतरच नाही, म्हणून तो या हिशेबातून बाहेर. दार उघडे असल्याचा जो सर्वांत बोलका साक्षीदार, त्यालाच साक्षीला बोलावलेले नाही. सुरुवातीला दिसून महिनाभर बाहेर राहिलेला आणि शेवटी परतलेला वाघ तर उलट दिशेने फसवतो. त्याचे अंतर लांबलचक, म्हणजे चाचणीच्या लेखी तो पक्का रहिवासी. उलट, सगळे इथलेच असतानाही चांगली छायाचित्रे मधल्याच काही दिवसांत मिळाली, तर अंतरे आखडतात आणि चाचणी विनाकारण हाकाटी करते.

यावर कोणी म्हणेल, स्टॅन्ली आणि बर्नहॅम यांनी १९९९ साली अधिक चांगली चाचणी दिलीच आहे. दिली आहे, आणि दिवसागणिक बदलणारी टिपण्याची शक्यता ती सांभाळून घेते. पण तिचाही जोर कायमचे निघून जाण्यावर आहे, आणि वाघ मोजताना हाती येतात ते वीस-पंचवीस प्राणी. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ बहुधा ‘आढळण्याइतकी माहितीच नव्हती’ असा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वाघ दीर्घायुषी, दीड-दोन महिन्यांत त्यांची संख्या कितीशी बदलणार? मृत्यूंपुरते हे मान्य. पण टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर २०१९ साली गळ्यातल्या रेडिओ कॉलरसह निघाला आणि मैलोन्‌मैल भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेतल्या ज्या जंगलात तेव्हा कॅमेरे असते, तिथल्या गणनेत तो पाहुणा की रहिवासी? कॅमेरा नेमका कुठे होता याचा हिशेब ठेवणारी नवी स्थानाधारित प्रारूपे हद्दीवरच्या वाघांची अडचण बरीच सोडवतात, पण प्रत्येक वाघाला एक स्थिर ठिकाण आहे असे तीही साधारणपणे धरतात. भटक्याला ते नसते.

म्हणून दार बंद असल्याचा भरवसा मुदत आखतानाच मिळवावा लागतो. थोडक्या दिवसांत, दाट कॅमेरे लावून. हे खर्चाचे आहे, आणि मुदत आखडली की पुनर्भेटी घटतात, ही ओढाताण खरीच. पण ये-जा पूर्णपणे यादृच्छिक असली तरी उत्तर निरुपयोगी ठरत नाही, हे संशोधक केंडल यांनी १९९९ सालीच दाखवले. ते फक्त वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होते: त्या जंगलात त्या वेळी राहणारे वाघ किती, याचे नव्हे, तर ते जंगल वापरणारे वाघ किती, याचे. शेजारशेजारच्या दोन जंगलांनी अशी उत्तरे दिली आणि आपण त्यांची बेरीज केली, तर एकच वाघ दोनदा मोजला जाईल. तेव्हा पुढच्या वेळी एखादा गणना-अहवाल हाती आला, तर ‘चाचणीनुसार समूह बंदिस्त’ या ओळीवर थांबू नका. कॅमेरे किती दिवस चालले आणि एकदाच दिसलेले वाघ किती, हे दोन आकडे आधी शोधा. ते छापलेले नसतील, तर मागा.