महाबळेश्वरचा ढग आणि पुण्याचें गणित

महाबळेश्वरीं पडलेलें पाणी कृष्णेच्या वाटेनें सांगलीस येतें, हें सांगलीकरांस शिकवावें लागत नाहीं. २००५ आणि २०१९ सालीं पुराचें पाणी त्यांच्या माजघरांत शिरलें होतें. सातारा जिल्ह्यांतील त्याच माथ्यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ सालीं सुरू झाली. पावसाळ्यांत तेथें ढग खिडकीशीं येतात. त्यांतील थेंबांचे आकार मोजले जातात. गणित मात्र पुण्यास.

संस्थेंत २०२४ सालीं आलेल्या ‘अर्क’ महासंगणकाची कमाल क्षमता सेकंदास सुमारें ११,७७० लक्ष कोटी आकडेमोडींची. त्याच्या बळावर अंदाजाच्या नकाशांतील चौकोनाची बाजू २०२५ सालीं १२ किलोमीटरांवरून ६ वर आली. श्रोत्यांनीं येथें एक हिशेब ध्यानांत घ्यावा: बाजू निम्मी होतांच चौकोन चौपट होतात, आणि काळाचे टप्पेहि बारीक करावे लागतात. इतकें करूनहि एकटा ढग त्या चौकोनांत हरवतोच! त्याची वागणूक सूत्रानें बसवावी लागते, आणि तें बसविणारा मनुष्य पदार्थविज्ञान व प्रोग्रॅमिंग या दोहोंत मुरलेला हवा. असा मनुष्य यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. संशोधनांतील अशा पुष्कळ जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात; ढग ओळखूं लागेपर्यंत मुदत भरते, आणि सांगली-साताऱ्याचा हुशार पदवीधर पुण्यांतच, पण एखाद्या सॉफ्टवेअर कंपनींत, रुजू होतो.