विद्यापीठाच्या वहीत घरची मजुरी
(चांदवड येथील बैठकीतील भाषण)



विद्यापीठातला वाद म्हटला की गावाला वाटते, हा पोरांचा नि प्राध्यापकांचा मामला. तसे नाही. १९६७ साली विदर्भाला कृषी विद्यापीठ हवे म्हणून अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. १९६८ साली राहुरीचे विद्यापीठ निघाले, १९६९ साली अकोल्याचे, १९७२ साली परभणी आणि दापोलीचे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नाव लागायला १९९४ उजाडले आणि मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या. त्या लढ्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण विद्यापीठ कुठे आणि त्याचे नाव काय यावर महाराष्ट्र जेवढा भांडला, तेवढा कृषी विद्यापीठाच्या वहीत काय लिहिले जाते यावर कधी भांडला नाही.

ही वही उत्पादनखर्चाची. आपल्या राज्यात ते काम राहुरीकडे आहे. निवडलेल्या गावांत, निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी नोंदी होतात. बियाणे किती, खत किती, बैलजोडी किती दिवस, मजूर किती. तो हिशेब दिल्लीला जातो. तिथे कृषिमूल्य आयोग त्यावरून भाव सुचवतो. राज्य सरकारही आपली शिफारस पाठवते, ती दिल्लीच्या आकड्याहून मोठी असते, आणि पुढे राज्य दिल्लीकडे बोट दाखवते, दिल्ली हिशेबाकडे. दोघांच्या भांडणात मूळ वही कुणी उघडत नाही.

आता त्या वहीतली अक्षरे समजून घ्या. रोख आणि वस्तुरूपाने झालेला खर्च म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की ए-टू अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-टू. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला, टाळ्या पडल्या. दीडपट कशाच्या? ए-टू अधिक एफएलच्या. २०२५-२६ ला सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला ३५५२ रुपये धरला आणि हमीभाव ५३२८ जाहीर झाला. गुणाकार करून पाहा, पैसुद्धा इकडेतिकडे नाही. जमीन मात्र फुकट धरली!

सी-टूची मागणी आपण करतोच, करत राहू. पण या ‘एफएल’कडे, घरच्या मजुरीकडे, आपण स्वतः तरी कधी पाहिले का? याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखाहून अधिक शेतकरी बाया अधिवेशनाला आल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्ती निघाली, काहींनी बायकोच्या नावावर जमीन केली. तिच्या दिवसाची नोंद मात्र घरात अजून होत नाही. नोंदणारा येतो, ओट्यावर बसतो, मालकाला विचारतो. मालक सांगतो, ‘घरचीच माणसं होती हो, मजूर नाही लावला.’ झाले! तिचे चार दिवस तिथेच बुडाले.

आम्ही कृषी पदवीवाले. हेक्टरी नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, झोपेतून उठवले तरी सांगू. पण उळे टाकण्यापासून लागवड, खुरपणी, काढणी, पात कापणे आणि चाळ भरेपर्यंत एकरी बाईचे किती दिवस जातात, हे परीक्षेत आम्हाला कुणी विचारले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही.

कांद्याला तर हमीभावच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद झाली, ११ तारखेला याच चांदवडला महामार्ग अडवला गेला, बंदी उठायला मे २०२४ उजाडला. अशा वेळी अधिकारी विचारतो, नुकसान किती? दहा जण दहा आकडे सांगतात. रस्ता अडवायला आपल्याला येते. हिशेब पुढे टाकायला येत नाही, हे आज कबूल करू.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात निदान दहा घरांनी या हंगामापासून वही ठेवायची. लिहायची घरातल्या बाईने, रोज संध्याकाळी: कोण किती तास राबले, कशाला. दुसरीकडे, आपल्या भागातल्या नोंदींत घरच्या मजुरीचे तास किती आणि दर कोणता धरला, हे माहिती अधिकारात विद्यापीठाला विचारायचे. दोन्ही आकडे पुढच्या जिल्हा बैठकीत समोरासमोर ठेवू. अर्जाचा मसुदा तयार आहे. वह्या दाराजवळच्या टेबलावर आहेत. जाताना बायांनी न्याव्यात, पुरुषांच्या हाती देऊ नयेत.