न बोलावलेला पाहुणा



यजमानाच्या ताटात जेवून वर्षानुवर्षे मुक्काम न हलवणारा एक पाहुणा आहे. त्याचे नाव पट्टकृमी. पांढऱ्या फितीसारखा चपटा, म्हणून हे नाव. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी २ ते ४ मीटर लांब असतो. डोके मात्र टाचणीच्या माथ्याएवढे. त्या डोक्यावर चार शोषक वाट्या आणि आकड्यांचे दुहेरी कडे असते. त्यांच्या जोरावर तो आतड्याला चिकटून बसतो.

गंमत अशी, की त्याला तोंड नाही नि पोटही नाही. हवेत कशाला? आपण पचवलेले अन्न तो कातडीतून शोषून घेतो. मानेपाशी नवे खंड तयार होतात, शेपटाकडचे जुने पिकतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. अशा एकेका खंडात हजारो अंडी असतात.

उघड्यावरची ही घाण डुक्कर खाते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून त्याच्या मांसात जातात आणि तिथे बारीक फोडांत दबा धरून बसतात. ते मांस कच्चे राहिले, की माणसाच्या पोटात पुन्हा पट्टकृमी तयार! हे नाते १८५५ साली जर्मनीतल्या क्युखेनमायस्टर या डॉक्टरांनी दाखवून दिले.

तुम्ही म्हणाल, "आम्ही माळकरी, आम्हांला कसली भीती?" इथेच तर खरी मेख आहे. जंत झालेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांनी किंवा मैल्याने दूषित झालेल्या भाजीवाटे ती अंडी आपल्या पोटात गेली, तर डुकराच्या शरीरात होते तेच आपल्या शरीरात होते. अळी मेंदूत जाऊन बसते, आणि मग फेफरे येते. जिथे हा रोग मुरलेला आहे, तिथे फेफऱ्याच्या १०० रोग्यांपैकी सुमारे ३० जणांचे कारण हेच असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून वर्गात एखाद्या पोराला झटका आला, तर वहाण हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि मग दवाखान्यात न्या. त्याला देवऋषी नको, डॉक्टर हवा. शौचात पांढरे तुकडे दिसले तरी आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका. मेंदूत फोड असतील, तर औषधानेच तिथे सूज येऊन झटका येऊ शकतो.

ही साखळी तोडणे अवघड नाही बरं का! संडास बांधा आणि वापरा. डुकरे मोकाट सोडू नका. मांस आतपर्यंत शिजवा. कच्ची खायची भाजी स्वच्छ पाण्याने धुवा. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवा.

गुरुजी, उद्या फळ्यावर माणूस, मैला, डुक्कर, मांस असे वर्तुळ काढा. मैल्यापासून परत माणसाकडे जाणारा दुसरा बाणही दाखवा. मग मुलांनाच विचारा, "सांगा, हे कुठे तोडाल?" मुले बरोबर सांगतील, आणि तीच गोष्ट घरी जाऊन आईबापांनाही सांगतील.