पागोळीचे पाणी आणि पाण्याचा हक्क



मृगाची पहिली सर आली की कोकणातील घरांच्या वळचणीखाली भांडी मांडली जातात. घागर, कळशी, घंगाळ, तेलाचा रिकामा डबा, जुने पिंप, जे हाताशी असेल ते. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या त्यांत पडत राहतात आणि त्या दिवसापुरती घरातील स्त्रीची विहिरीची एखादी खेप वाचते. या दृश्याकडे राजकीय कार्यकर्त्याचे लक्ष सहसा जात नाही. पाण्याचा प्रश्न म्हणजे धरण, कालवा, टँकर आणि मोर्चा, अशीच त्याची समजूत असते. वळचणीखालचे पिंप मात्र त्याला घरगुती बाब वाटते. ही समजूत तपासून पाहण्याची गरज आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील सड्यावरच्या वाड्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. जांभा दगड सच्छिद्र आहे. त्यात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे उतारावरून निघून जाते आणि उरलेले वहाळांतून थेट समुद्राला मिळते. म्हणजे तेथे तूट पावसाची नसून साठवणुकीची आहे, आणि त्या तुटीची किंमत डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रिया भरतात.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. चाळीस चौरस मीटरच्या छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी, दर मिलिमीटरमागे 32 लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरचे पिंप सहा-सात मिलिमीटर पावसात, म्हणजे आषाढातील एखाद्या जोरदार सरीतच, काठोकाठ भरते. तीन हजार मिलिमीटर पावसात हेच छप्पर सुमारे 96 हजार लिटर पाणी देते. घरात राहते ते दोनशे लिटर! केंद्र सरकारने 2019 साली जल जीवन मिशन जाहीर केले, तेव्हा दर माणशी दर दिवशी 55 लिटर हे प्रमाण ठरविले. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या मानाने 275 लिटर पाणी लागते. भरलेले पिंप एका दिवसालाही पुरत नाही.

म्हणून पिंप निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. निसरड्या पायवाटेवरील दोन खेपा वाचणे ही त्या स्त्रीच्या दृष्टीने क्षुल्लक गोष्ट नव्हे. पावसाने विहीर गढूळ झालेली असताना धुण्याभांड्यांचे पाणी दारात असणे, हेही थोडे नव्हे. परंतु हे काम नीट झाले पाहिजे. उभा चिरलेला बांबू, पोफळीचे पोखरलेले खोड किंवा वाकविलेला पत्रा वळचणीला बांधला की पन्हळ तयार होते. पहिल्या काही सरींचे पाणी सोडून द्यावे. त्याबरोबर छपरावरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते. ज्या पिंपात रसायन वा कीटकनाशक होते, ते कितीही धुतले तरी पाण्यासाठी वापरू नये. भरलेले पिंप दोनशे किलोंहून जड असते, तेव्हा ते दगडांच्या पक्क्या बैठकीवरच ठेवावे. तोंडाला घट्ट विणीचे फडके बांधावे आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, घासून कोरडे करावे. कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि आठवड्या-दहा दिवसांत अंड्यातून उडता डास तयार होतो. पिण्यासाठी हे पाणी उकळल्याशिवाय घेऊ नये.

पिंपाच्या पुढची पायरी टाकीची. स्वयंपाक आणि पिणे यांसाठी माणशी दहा लिटर धरले, तर पाच माणसांना ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी बारा हजार लिटर पाणी लागते. जाळी आणि सिमेंटची एवढी टाकी गावचा गवंडी बांधू शकतो. ही कल्पनाही या भूमीला नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या आणि सह्याद्रीच्या गडांवर टाकी कोरली गेली.

परंतु टाकीला पैसा लागतो, जागा लागते आणि मुख्य म्हणजे छप्पर लागते. पाऊस सर्वांवर सारखा पडतो. तो साठविताना मात्र ज्याचे छप्पर मोठे त्याचा वाटा मोठा. दुसऱ्याच्या जमिनीवर खोपट बांधून राहणाऱ्याने, प्लॅस्टिकच्या कागदाखाली संसार मांडणाऱ्या ऊसतोड कामगाराने कोणते पाणी साठवावे? ‘पाणी घरच्या घरी साठवा’ हा उपदेश शासनाच्या तोंडी आला की त्यामागे जबाबदारी झटकण्याचा डाव नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा समान अधिकार आहे हे सिद्ध करण्यासाठी. मृणालताई गोरे यांना मुंबईच्या जनतेने ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते त्यांनी वस्त्यांतील स्त्रियांना संघटित करून महानगरपालिकेकडे नळाचे पाणी मागितले म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. हक्काची पूर्तता पिंपाने होत नसते.

डॉ. लोहियांनी कार्यकर्त्यापुढे मत, फावडे आणि तुरुंग अशी तीन साधने ठेवली होती. पागोळीचे पाणी हे फावड्याचे काम आहे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी कार्यकर्त्याने वाडीतील घरे फिरून कोणाकडे पन्हळ नाही, कोणाकडे पिंप नाही, याची यादी करावी आणि श्रमदानाने ती उणीव भरून काढावी. त्याच यादीच्या आधारे ग्रामसभेत ठराव मांडावा, की शाळा, समाजमंदिर आणि पंचायत यांच्या छपरांचे पाणी सार्वजनिक टाक्यांत घ्यावे आणि त्या टाक्या सर्व वाड्यांना सारख्याच खुल्या असाव्यात. ज्या घराला छप्परच नाही, त्याचे नाव यादीत सर्वांत वर असावे. ठराव धूळ खात पडला, तर पंचायत समितीवर मोर्चा नेण्यास कार्यकर्ता मोकळा आहे; आणि ज्यांच्या वळचणीला त्याने स्वतःच्या हातांनी पन्हळ बांधले, त्या स्त्रिया त्या मोर्चात त्याच्या पुढे चालतील.